घोड्याचा पाचवा पाय

"हे आपलं," असं म्हणत त्याने एका चित्रावर बोट टेकवलं. त्याचा दुसरा हात धरून उभ्या असलेल्या भिंगरीने आधी त्या चित्राकडे पाहिलं, मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो."

वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांना मुलांची चित्रं कपडे वाळत घालावेत तशी चिमट्यांनी लटकवली होती. पहिलीच्या वर्गाला यंदा नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी चित्रांच्या पुढच्या बाजूला कुणाचंच नाव लिहू दिलं नव्हतं, नाव मागे. आईबापांनी आपापल्या मुलाचं चित्र ओळखायचं आणि मग उलटून खात्री करून घ्यायची. त्याला यात अवघड असं काही वाटलंच नव्हतं. आत शिरल्या शिरल्या त्याची नजर त्या घरावर गेली होती. उभ्या सरळ भिंती, कौलांच्या समांतर रेघा, दारापासून निघून पुढे रुंद होत जाणारी वाट, वाटेच्या कडेला झाड. बाकीच्या दोरीवर नुसता गोंधळ होता, आणि त्या गोंधळात हे एक घर नीट उभं होतं. आपल्या पोरीशिवाय कोण काढणार, असं वाटून त्याचा ऊर जरासा भरूनही आला होता. त्याने चिमटा न काढता कागद उलटला. मागे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. तेवढ्यात मागून एक बाई हसत हसत म्हणाल्या की अहो, हे आमच्या चिरंजिवांचं, आणि त्यांनी ते चित्र काढून घेतलं. तो बाजूला झाला, तोही हसला. अशा वेळी माणसं हसतात तसं.

भिंगरीचं चित्र नव्या बाईंनीच आणून दिलं. खालच्या दोरीवर, अगदी कोपऱ्यात होतं ते. सगळा कागद मातकट, करडा. एका जागी इतकं घासलेलं की कागदाचा कापूस निघून भोक पडलेलं. आणि खाली, कडेला लागून, लाल रंगाचा एक ठिपका. बस्स. तो ते हातात धरून उभा राहिला. त्याने विचारलं, "काय आहे गं हे?" भिंगरीने खांदे उडवले. बाई हळूच म्हणाल्या, "काय आहे म्हणून नका विचारू. कसं केलंस ते विचारा. आठवडाभर खपत होती त्याच्यावर." त्याने मान डोलावली, पण विचारलं काहीच नाही. एवढ्या माणसांत आपण आपल्या मुलीला एक प्रश्न दुसऱ्यांच्या सांगण्यावरून विचारायचा, याचा त्याला संकोच वाटला असावा.

घरी परतताना त्याच्या डोक्यात चित्र नव्हतं, तो "हो" होता. चूक कुणाचीही होते. ओळीने पन्नास कागद टांगलेले असताना एखादा माणूस चुकला तर जग बुडत नाही. पण ते चित्र आपलं नाही हे पोरीला माहीत होतं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं तिने, किंवा हात धरून त्या कोपऱ्यात न्यायचं होतं. त्याऐवजी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काय दिसायचं ते तिला दिसलं, आणि तिने दुसऱ्याच्या घराला आपलं म्हणून टाकलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून. सहा वर्षांची पोर बापाला सांभाळून घेत होती, आणि तेही इतक्या सराईतपणे की हे आज पहिल्यांदा घडलेलं नाही याची त्याला खात्रीच पटली. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. काचेवर वाफ सोडून त्यात बोटाने काहीतरी काढत होती आणि लगेच पुसत होती. त्याने पाहण्यासाठी मान वाकवली, तेव्हा काच स्वच्छ होती.

घरी कपाटाच्या दारावर तिची आधीची चित्रं चिकटवलेली होती. रोज दूध गरम करताना समोर दिसायची, म्हणूनच बहुधा त्याने ती कधी पाहिली नव्हती. आज गॅस बंद करून तो त्यांच्यासमोर उभा राहिला. होडी, डोंगर, छत्री धरलेली बाई, घोडा. सगळी चांगली होती. सगळी त्याचीच होती. म्हणजे सुरुवात पोरीची. पण ऑफिसातून आल्यावर चहा घेता घेता तो शेजारी बसायचा, म्हणायचा, थांब, हे असं नसतं, आण इकडे, आणि पेन्सिल हातात घ्यायचा. आर्किटेक्टच्या ऑफिसात इतकी वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली. वाकडी रेघ दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. आता सगळं काम पडद्यावर चालतं, पण उमेदवारी केली ती ट्रेसिंग पेपरवर. शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने ती अलगद खरवडायची, नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, मग वरून बरोबर रेघ मारायची. साहेब कागद उजेडाकडे धरून बघायचे आणि खरवडलेली जागा सापडली नाही की समाधानाने हुंकार द्यायचे. त्या हुंकारावर तो माणूस झाला होता. चूक झाली तरी चालेल, ती झाली होती हे कळता कामा नये.

घोड्याजवळ त्याची नजर अडली. त्याला तो दिवस आठवला. भिंगरीने घोड्याला पाच पाय काढले होते. तो हसला होता, घोड्याला पाय किती असतात ते मोज बरं, असं म्हणाला होता, आणि रबराने मागचा एक पाय खोडून टाकला होता. तेव्हा ती काहीतरी सांगत होती. काय बरं? तो लाथ मारतोय, असं काहीसं. पाय इथे होता आणि मग तिथे गेला, म्हणून दोन्हीकडे काढलाय. हो, असंच म्हणाली होती. त्याने ऐकलं होतं, कानाने. आणि खोडलं होतं. कपाटावरचा घोडा आता चारी पाय रोवून, वेताळाच्या देवळासमोर मातीचे घोडे उभे करतात तसा निमूट उभा होता. कागदाला नाक लावलं तर खोडलेल्या पायाची खूण अजून दिसते का, ते त्याने पाहिलं. दिसत नव्हती. काम सफाईदार होतं.

रात्रीच्या जेवणाआधी भिंगरीच्या आईचा फोन आला. तिची बदली दुसऱ्या गावी झाली त्याला आता वर्ष होत आलं होतं. बढती होती, नाकारण्यासारखी नव्हती, आणि मुलीची शाळा मध्येच कशी बदलायची, असं सगळे म्हणत होते. तेही दोघं म्हणत होते. एक रविवार सोडून ती यायची, मुलीला घेऊन दिवसभर बाहेर असायची आणि संध्याकाळी जायची. बदली तिने मागून घेतली होती, हे त्याला बऱ्याच उशिरा दुसऱ्याकडून कळलं होतं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. भिंगरीचं बोलून झाल्यावर त्याने फोन घेतला आणि थट्टेच्या सुरात आजची फजिती सांगितली. ते घर, ती वाट, त्या बाईंचे चिरंजीव. ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

"मग तिने तुला सांगितलं नाही?" तिने विचारलं.

"नाही ना. हो म्हणाली."

मग ती म्हणाली, "शिकली म्हणजे तीसुद्धा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. दूध वेळेवर देतोस ना, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

"सुद्धा" या शब्दाने त्याला स्वयंपाकघरात आणून सोडलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी तिने तिथली एक भिंत स्वतःच्या हाताने पिवळी रंगवली होती. त्याला न सांगता. तो घरी आला तेव्हा ती स्टुलावर उभी होती, केसांत रंग, कपाळावर रंग, आणि इतकी खूश की त्याला क्षणभर ती अनोळखी वाटली. भिंत सुरेख दिसत होती. फक्त वर, छताला जिथे रंग भिडतो तिथे, कड जरा नागमोडी झाली होती. त्याने तेव्हा काही म्हटलं नाही, तेवढं त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना त्याने चिकटपट्टी लावून ती कड सरळ करून टाकली. ती बाहेर आली, केस टॉवेलात गुंडाळलेले. बघत राहिली. "बरं दिसतंय ना आता?" त्याने स्टुलावरून विचारलं होतं. ती म्हणाली होती, "हो." त्यानंतर पडदे कुठले, हो. पलंग कुठे, हो. तिने घडी घातलेले कपडे तो पुन्हा घडी घालून ठेवायचा, तिने लिहिलेल्या पत्त्याखाली तोच पत्ता सुवाच्य अक्षरात लिहायचा, आणि तिचा "हो" त्याला संसार सुरळीत चालल्याची पावती वाटायचा. एकदाच, भांडण नव्हतं ते, भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "तुझ्या घरात माझं काही चुकतच नाही. कारण मी काही करतच नाही." त्याने ते कौतुक समजून घेतलं होतं की काय, हे आता त्याला आठवत नव्हतं. बहुधा त्याने तिच्या हातातून भाजी घेतली होती.

भिंगरी झोपली. त्याने ते मातकट चित्र टेबलावर पसरलं आणि दिव्याखाली पाहिलं. जवळून पाहिल्यावर तो करडा रंग एक नव्हता. खाली निळा होता, त्यावर पिवळा फिरवला होता, मग हिरवा झाला म्हणून की काय वरून लाल, मग पुन्हा निळा. एकावर एक इतके थर की कागद पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. हे सगळं त्या छोट्या हातांनी केलं होतं, आणि ते होत असताना कुणी थांब म्हणालं नव्हतं. लाल ठिपका शेवटी दिला होता की सुरुवातीपासून राखून ठेवला होता? कसं केलंस, हे विचारायला हवं होतं. आता विचारलं तर ती त्याच्या तोंडाकडे पाहील आणि त्याला ऐकायला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल. ही भीती अगदी खरी होती. त्याने चित्र कपाटावर लावलं नाही. त्या घोड्याशेजारी लावायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात तो आपल्या आईकडे गेला. आई त्याच्या भावाकडे राहायची, तिच्या खोलीत पलंगासमोर एक पोपट होता. फ्रेम केलेला. तो दुसरीत असताना काढलेला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हिरव्या पिसांवर पिवळी झाक, चोचीखाली सावली, डोळ्यात पांढरा बिंदू. या पोपटामुळे घरात ठरलं की पोराच्या हातात कला आहे, आणि पोपटाच्या पाठीवर बसूनच तो पुढे ड्रॉइंगच्या परीक्षा देत गेला, या धंद्यात आला. त्या दिवशी आई चहा आणायला गेली आणि तो पोपटाकडे बघत बसला. आणि अचानक त्याच्या मानेमागून एक वास आला, तंबाखूचा, आणि खांद्यावर कोटाचं खरखरीत कापड. चित्रकलेचे मास्तर मागून वाकले होते. त्यांनी त्याच्या मुठीसकट ब्रश धरला होता. आधी मुठीसकट, मग मूठ बाजूला करून नुसता ब्रश. तो पोपट त्यांचा होता. चोच, सावली, डोळ्यातला बिंदूसुद्धा. त्याआधी कागदावर आपण काय काढलं होतं, ते आठवायचा त्याने जिवापाड प्रयत्न केला. काहीतरी होतं नक्की. जांभळं होतं का काही? त्यावरून मास्तरांचा हिरवा रंग गेला होता, आणि खाली काय होतं ते आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. आई चहा घेऊन आली. त्याची नजर पाहून तिला उमाळा आला. ती म्हणाली, काय सुरेख पोपट काढला होतास रे, एवढासा होतास. तो सांगणार होता. तोंड उघडलंही होतं त्याने. पण तिचं ते उजळलेलं, सुरकुतलेलं तोंड समोर होतं. तो म्हणाला, "हो." आणि चहा उचलला.

दरम्यान नव्या बाईंचा निरोप आला होता. ज्या आईबापांना वेळ असेल त्यांनी एकेका दिवशी चित्रकलेच्या तासाला वर्गात येऊन बसावं. अट एकच, हात मांडीवर ठेवायचे. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसातला शेजारचा मित्र म्हणाला की पोरांचं चित्र बघायला रजा कसली घेतोस, चार रेघा मारून देऊन ये.

वर्गात ओल्या रंगाचा आणि खळीचा वास कोंडला होता. टेबलांवर वर्तमानपत्रं पसरलेली, नळ इतके खाली की मोठ्या माणसाला हात धुवायला उकिडवं बसावं लागावं. त्याला भिंतीजवळ मुलांचीच एक खुर्ची मिळाली. गुडघे छातीशी येत होते. बाई फारसं काही करत नव्हत्या. पुठ्ठ्याची रिकामी खोकी, कागदाचे तुकडे, सुतळी, रंग असं सगळं मध्ये मांडून ठेवलं होतं, ज्याला जे हवं ते त्याने उठून घ्यावं. एक मुलगा रडवेला होऊन आला की मला मासा काढून द्या. बाईंनी काढून दिला नाही. त्याच्याजवळ बसून विचारलं की तू पाहिलेला मासा कुठून जाड होता आणि कुठून बारीक. तो मुलगा विचारात पडला, हवेत हाताने मासा करून बघू लागला आणि तसाच, हात हलवत, जागेवर गेला.

भिंगरी एका खोक्याशी झटत होती. झाकणाचा एक पाखा तिला उभा चिकटवायचा होता आणि तो राहत नव्हता. खळ लावायची, धरायची, सोडायची. पाखा सावकाश वाकायचा आणि पडायचा. चुकत काय होतं हे त्याला इथून दिसत होतं. कडेला चीर देऊन पट्टी दुमडली असती तर काम झालं असतं, अर्ध्या मिनिटाचं. त्याचा हात मांडीवरून उठला. बाई दुसरीकडे बघत होत्या, कुणी त्याला अडवलं नव्हतं. तरी तो हात हवेत थांबला, कारण त्याच वेळी त्याला तिचं तोंड दिसलं. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं आणि ती काहीतरी गुणगुणत होती. ती चाल त्याने कधी ऐकली नव्हती. पाखा पुन्हा पडला. ती चिडली नाही. आजूबाजूला पाहिलंही नाही, त्याच्याकडे तर नाहीच. घरी पेन्सिलचं टोक मोडलं तरी "बाबा" म्हणणारी पोर. की ती हाक तो घरी आहे म्हणून होती, त्याला काहीतरी काम मिळावं म्हणून? त्याने हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसून राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. तिने शेवटी रंगाची भरलेली बरणी आणली, पाखा तिला टेकवून ठेवला आणि तो वाळेपर्यंत दुसऱ्याच कामाला लागली. वाट पाहायला तिला कुणी शिकवलं? त्याने नाही. तिला कुणाची गरज नव्हती, आणि यात वाईट काहीच नव्हतं, उलट आनंद व्हायला हवा होता. तो होतही असेल. पण त्याच्या आत एखाद्या घरातलं सामान हलवल्यावर खोल्या घुमतात तसं घुमत होतं. इतकी वर्षं आपण ज्याला प्रेम म्हणत आलो, ते करायला आता हात कुठे ठेवायचे, हे त्याला कळेना. स्टुलावर उभी राहिलेली, केसांत रंग माखलेली ती बाई त्याला आठवली, आणि त्यानंतर तिला त्या घरात किती एकटं वाटलं असेल, हे इतक्या वर्षांनी, या ठेंगण्या खुर्चीत, त्याच्या ध्यानात आलं.

"बाबा." भिंगरी समोर उभी होती. तिच्या हातात कोरा कागद, ब्रश आणि रंगाच्या दोन वाट्या होत्या. "तू नुसता काय बसलायस? तू पण काढ."

"काय काढू?"

तिने नवल वाटल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "मला काय विचारतोस? तुझं आहे ना ते." आणि ती गेली, तिचं खोकं वाळलं होतं.

त्याने खुर्ची जवळच्या टेबलाकडे सरकवली, कागद पसरला आणि ब्रश उचलला. हाताने आपण होऊन एक सरळ रेघ मारली, मग तिला काटकोनात दुसरी, मग तिसरी. खोली झाली. दाराची जागा सोडून चौथी. कुणीही हातात दिलं असतं तर त्याने हेच काढलं असतं, झोपेतसुद्धा. त्याने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. वाटीतला रंग निळा, दुसऱ्या वाटीतला तपकिरी. तो बराच वेळ तसाच बसला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एका कागदाची एवढी भीती वाटावी याचं त्याला हसू आलं नाही. मग त्याने निळ्यात ब्रश बुडवला आणि कागदावर टेकवला, नुसताच. पाणी जास्त झालं होतं. रंग आपला आपण पसरत एका बाजूला ओघळला. टिपून घ्यायला रुमालाकडे गेलेला हात त्याने परत आणला. ओघळाच्या टोकाशी तपकिरी लावला. दोन्ही मिसळून काहीतरी घाण झालं, आणि त्या घाणीतून कडेला एक बाक उमटला, पाठीसारखा, कुणीतरी पाठमोरं वाकून बसल्यासारखा. कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. तो त्या बाकाच्या मागे मागे जाऊ लागला. आपण श्वास तोंडाने घेतोय हेही त्याला कळलं नाही.

घंटा झाली तेव्हा खुर्च्या सरकल्या, नळ वाहिले, मुलं एकमेकांना ढकलत बाहेर पटांगणावर पळाली. भिंगरीही पळाली. दाराशी तिने मागे वळून पाहिलं असेल किंवा नसेलही; त्याने मान वर केली तोवर दार रिकामं होतं. बाहेर गलका, आत कुणी नाही. बाई टेबलांवरची वर्तमानपत्रं गोळा करत करत एकेक टेबल मागे टाकत त्याच्या बाजूला आल्या. त्यांची सावली कागदावर पडली, आणि काही कळायच्या आत त्याने दोन्ही हात पसरून चित्र झाकलं. रंग ओला होता. तळहाताला गार लागला, शर्टाच्या बाहीत चढत गेला.

बाई थबकल्या. "असू द्या," त्या म्हणाल्या, "बसा निवांत. मी नंतर आवरते." आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

त्याचे कान तापले होते. बाई पार खिडकीपर्यंत गेल्या, पाठमोऱ्या झाल्या, तरी त्याने हात काढले नाहीत.